चारही चौकटींवर एकच शीर्षक

त्या दिवशी मी माऊस भिंतीवर फेकून मारला. त्याचे दोन तुकडे झाले, आतला सेल घरंगळत कपाटाखाली गेला आणि शेजारच्या टेबलावरची बाई फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोवर तिथं मी तोंडानंच मारत आले होते. कारण ऐकलं तर कुणीही हसेल. एका आलेखाचं शीर्षक चुकीच्या जागी बसत होतं.

आमची संस्था लहान. संभाजीनगरात जालना रोडच्या आतल्या गल्लीत दोन खोल्या, पाच टेबलं, एक कूलर. कन्नड, गंगापूर, सोयगाव या भागांतल्या दवाखान्यांमधून अपघात विभागाच्या रजिस्टरांची पानं आमच्याकडे यायची. नावं झाकलेली असायची. बाईचं वय, गाव, काय मोडलं, कशानं मोडलं आणि सोबत कोण आलं होतं, एवढंच उरायचं. मी ते संगणकात चढवायचे आणि त्यावरून आलेख काढायचे. अहवालाचा विषय होता, घरात बायांना होणारे अपघात. ओली मोरी, निसरडा गोठा, लाथ मारणारी म्हैस. वाचून वाटावं, मराठवाड्यातली जमीनच बायांच्या मुळावर उठलीय.

आमच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, तालुक्यानुसार चार आलेख एका पानावर हवे होते. मी ते काढले. चारही सारखेच निघाले आणि त्यांतून काही म्हणजे काही कळेना. पण पानं चढवताना एक गोष्ट माझ्या डोक्यात ठोसे मारत होती. ‘डावा हात, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध’ हे शब्द मी इतक्यांदा टाइप केले होते की बोटं आपोआप चालायची. एक हाडांचा डॉक्टर आमच्याकडे कामानिमित्त आला होता, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, माणूस पडला की हात टेकतो, मग मनगट मोडतं. मधोमध हाड मोडतं ते डोक्यावर येणारा घाव हातानं अडवला की. त्यानं स्वतःचा हात कपाळासमोर आडवा धरून दाखवला आणि दुसऱ्या कामाला लागला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग सरांना विचारून मी तालुके सोडले आणि फक्त असल्या मोडलेल्या हातांच्या ओळी वेगळ्या काढल्या. चार चौकटी केल्या. पहिलीत नवऱ्यासोबत आलेल्या बाया, दुसरीत सासरच्या बाईमाणसासोबत आलेल्या, तिसरीत माहेरच्या माणसासोबत आलेल्या, चौथीत एकट्या आलेल्या. हाड तेच, जागा तीच. प्रत्येक चौकटीत उभ्या पट्ट्या: पडली, घसरली, जनावरानं मारलं, मारहाण. पहिल्या चौकटीत ‘पडली’ची पट्टी छताला टेकली आणि मारहाणीची पट्टी दिसेचना. दुसरी तशीच. चौथीत बाया मोजक्या, पण तिथं मारहाणीची पट्टी सगळ्यांच्या वर डोकं काढून उभी होती. कारण बदलत होतं ते सोबतच्या माणसामुळं. दवाखान्यात डॉक्टर बाईला विचारतच नाहीत, सोबतच्याला विचारतात. आपल्याकडे रीतच आहे ती.

तिसऱ्या चौकटीकडून मला आशा होती. माहेरचं माणूस तरी खरं बोलेल! पण तिसरी पहिलीची जुळी बहीण निघाली. माझंच काहीतरी चुकलं असणार असं धरून मी तिसऱ्या चौकटीतल्या ओळी एकेक करून तपासायला घेतल्या. तिथं ती सापडली. वय एकोणतीस, गाव पिशोर, डावा हात, मधोमध. कारण, जिन्यावरून पडली. सोबत, बहीण.

ती बहीण म्हणजे मी.

ताईच्या सासरी जिनाच नाही. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढं अंगण, मागं गोठा. शहरात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईलाच घाईत जिना सुचतो. ओळीत नाव नव्हतं, तरी ती वाचून मला कुणीतरी भर चौकात उघडं पाडल्यासारखं झालं.

वर्षापूर्वीची गोष्ट. लाइट आल्यावर ताई शेतातली मोटार चालू करायला विसरली म्हणून दाजीनं तिला खोऱ्याच्या दांड्यानं मारलं होतं. शेजारणीचा फोन आला तशी मी पहिल्या एसटीनं गेले. दाजी अंगणात दात घासत उभा होता. मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर हाणली. एकदा नाही, तीनदा. त्याचा ओठ फाटला, पेस्टचा फेस लाल झाला. त्याची आई किंचाळली. तो मात्र मला परत मारायला आला नाही, रक्त थुंकून हसला. म्हणाला, “मार, मार. तू जाशील संध्याकाळच्या गाडीनं. ही इथंच ऱ्हायची हाय.”

मी ताईला जीपमध्ये घातलं. तेव्हा त्याची आई उंबऱ्यात बसली, ताईची दोन वर्षांची मुलगी मांडीवर घट्ट धरून. “जा की. पण पोरगी इथंच ऱ्हाईल,” ती म्हणाली. वाटेत मायचा फोन आला. माझी माय सगळं आयुष्य लोकांच्या घरची भांडी घासून सरळ उभी राहिलेली बाई; पण लेकीच्या नांदण्यापुढं तिचा कणा वाकतो. ती म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची. मारलं म्हनून सांगितलं की दवाखानेवाले पोलीस बलावतेत. मंग लेकरू गेलं म्हनून समज.”

दवाखान्यात डॉक्टरनं माझ्याकडे बघून विचारलं, “काय झालं हिला?” आणि चपलेनं माणूस रक्तबंबाळ करून आलेली मी शेपूट घातलेल्या कुत्र्यासारखी म्हणाले, “जिन्यावरून पडली.” ताईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. डॉक्टरनं लिहून घेतलं. प्लास्टर निघालं तशी ताई लेकरासाठी परत पिशोरला गेली.

तर ती ओळ सापडली त्या दिवशी मी आलेखावरचं सरांनी दिलेलं शीर्षक पुसून टाकलं. ते होतं ‘घरातील अपघात: सोबतच्या व्यक्तीनुसार’. माझ्या मनात तर ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ असंच टाकायचं आलं होतं, पण तेवढं भान होतं. मी एकच शब्द लिहिला, मारहाण. चारही चौकटींच्या वर, मोठ्या अक्षरात हवा होता. आलेख काढायला आम्ही तयार कोडची एक लायब्ररी वापरतो. आपण आज्ञा लिहायच्या, ती चित्र काढून देते. मी शेवटी शीर्षकाची आज्ञा लिहिली आणि चित्र काढलं. पहिल्या तीन चौकटी होत्या तशाच. ‘मारहाण’ जाऊन बसलं होतं चौथ्या चौकटीवर, तिथलं ‘एकटी’ हे नाव खाऊन. ज्या बायांनी आपल्या तोंडानं खरं सांगितलं होतं, नेमक्या त्यांच्याच डोक्यावर ते नाव पुन्हा ठोकलं गेलं आणि बाकीचे आम्ही सगळे नामानिराळे राहिलो. मी पुन्हा काढलं. पुन्हा तेच. मग माऊस भिंतीवर गेला.

चूक माझीच होती. साधी शीर्षकाची आज्ञा सर्वांत शेवटी काढलेल्या चौकटीलाच लागू होते. सगळ्या पानाला नाव द्यायचं तर आज्ञा वेगळी असते, आणि वर जागाही सोडावी लागते, नाहीतर मोठं नाव खालच्या नावांवर चढून बसतं. हे मला ठाऊक होतं, शिकणाऱ्या पोरींना मीच शिकवते. रागात ठाऊक असलेलंही हातून निसटतं.

माऊसच्या आवाजानं सर आतून आले. पडद्यावर बघून म्हणाले, “हे काय लिहिलंय? आपण पोलीस नाही. रजिस्टरमध्ये आहे ते दाखवायचं.”

“रजिस्टरमधलं खोटं आहे सर.”

“कशावरून?”

त्यातलं एक खोटं मीच बोललेय, हे सरांसमोर, त्या शेजारच्या बाईसमोर कसं सांगू? मी मान खाली घालून योग्य ती आज्ञा लिहिली आणि सरांचंच शीर्षक चारही चौकटींवर नीट, मधोमध बसवलं. सोमवारी अहवाल पाठवायचा होता. सर म्हणाले, “बघ, किती छान दिसतंय.” मला त्यांच्याही तोंडावर काहीतरी हाणावंसं वाटलं, पण हाणण्यासारखी मीच होते.

तेव्हा ताई आमच्याच घरी होती. पंधरा दिवसांपूर्वी दाजीनं तिचा गळा दाबला होता, दोन्ही बाजूंना बोटांचे काळेनिळे वळ उठले होते. या वेळी ती लेकराला काखोटीला मारून, बाजाराच्या गाडीत बसून निघून आली होती. मायच्या विहारात येणाऱ्या एका वकीलबाईनं सांगितलं होतं की जुना दवाखान्याचा कागद असेल तर कोर्टात लवकर आधार मिळेल, लेकरूही तिच्याकडे राहील. कागद होता. पण त्यावर जिना होता. आणि रविवारी ताईला परत न्यायला बैठक बसणार होती. ताई परत गेली तर जिवंत राहील की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर मी वर्षापूर्वीच बिघडवून ठेवलं होतं आणि तिला तसं बोलून दाखवायची माझी हिंमत होत नव्हती.

रविवारी सकाळी दाजी आणि त्याचा मामा आले. मायनं पोहे केले. मारेकऱ्याला पोहे! मी ते ताट उचलून मोरीत ओतणार होते, मायनं माझा दंड धरला. मामा म्हातारा, बोलायला मऊ. म्हणाला, “भांड्याला भांडं लागतंच, पोरी. संसार हाय.”

“इथं भांडं फुटलंय मामा,” मी म्हणाले. “गळा बघा तिचा.”

ताई शांत बसली होती. म्हणाली, “मी येनार नाय.”

दाजीनं खिशातून घडी केलेला कागद काढला. जुन्या केसपेपरची झेरॉक्स. “ह्यो सरकारी कागद हाय मामा. जिन्यावरून पडली, लिवलंय. हिच्या बहिणीनंच सांगितलंय. म्या कवा मारलं हिला?”

मामानं माझ्याकडे बघितलं. “व्हय का गं?”

“खोटं बोलले मी,” मी ओरडले. “तुमच्या भाच्याच्या घराला जिना आहे का, तेवढं सांगा!”

पत्र्याची ती तीन खोल्यांची जागा मामानं स्वतः उभी राहून बांधून घेतली होती. दाजी उठला. त्यानं खेळत बसलेल्या लेकराला एका हातानं उचललं आणि दाराकडे निघाला. ताई दारात आडवी झाली. त्यानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं दारावर आपटलं, एकदा, दोनदा. लेकरू किंचाळत होतं. मी त्याच्या मनगटाला चावले, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. लेकरू सुटलं, मायनं ते ओढून घेतलं. मोरीच्या कडेला कपडे धुवायचं लाकडी धोपटणं होतं. ते त्यानं उचललं आणि ताईच्या डोक्यावर घालायला वर नेलं.

माझा डावा हात वर गेला. मी विचार केला नव्हता, शौर्याची गोष्ट सांगायला मला आवडलं असतं, पण तो आपोआप गेला. आधी आवाज ऐकू आला, मग दुखलं. कोपर आणि मनगट यांच्या मधोमध. खालच्या मजल्यावरचे लोक वर धावत आले, त्यांनी दाजीला खाली पाडून धरलं, दोघांनी त्याला बुकललंही. मला ते बघून बरं वाटलं, आजही वाटतं. मामा कोपऱ्यात उभा राहून “अरे अरे” म्हणत होता.

लेकराला शेजारी ठेवून आम्ही तिघी रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेलो. अपघात विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. मला टेबलावर झोपवलं. तिनं माझा हात बघितला, रजिस्टर उघडलं आणि माझ्याकडे न बघता ताईकडे बघितलं.

“सोबत तुम्ही का? काय झालं हिला?”

माय घाईनं पुढं झाली. “मोरीत घसरली ओ मॅडम, वलं व्हतं, म्या कितींदा म्हनलं—”

ताईनं मायच्या तोंडावर हात ठेवला. सरळ, पंजा पसरून. माय डोळे मोठे करून तशीच उभी राहिली.

“मारलं,” ताई म्हणाली. “माझ्या नवऱ्यानं, धोपटण्यानं. माझ्या डोक्यात घालायला निघाला व्हता, हिनं हात मधी घातला. मला आठ वर्ष झाले मारतोय. ह्यो गळा बघा. मागच्या साली माझा हात बी त्यानंच मोडला. त्यो कागद खोटा हाय. समदं लिवा.”

डॉक्टरिणीनं पेन थांबवलं, ताईच्या गळ्याकडे बघितलं आणि मग लिहायला लागली. कारण, मारहाण. सोबत, बहीण. मी टेबलावर पडून रडले. हात दुखत होता, लाज वाटत होती आणि ताईचा अभिमानही वाटत होता, सगळं एकाच वेळी. पोलीस आले, दोघींचे जबाब झाले. माझ्या जबाबात मी जिन्याचं खोटंही लिहून दिलं. केस चालू आहे. दाजी जामिनावर आहे, पण त्याला आमच्या घराजवळ फिरकायची मनाई आहे. लेकरू ताईजवळ आहे. माय अजून अधूनमधून म्हणते की आपलेच दात आणि आपलेच ओठ. ताई तिला म्हणते, दात पाडले त्यानं, माझे.

सोमवारी मी घरीच होते. अहवाल पाठवायचा होता म्हणून एका हातानं लॅपटॉप उघडून बसले. ताई भाकरी करून हात पुसत शेजारी येऊन टेकली. तिच्या कपाळावर टेंगूळ होतं.

“काय करायलीस?”

मी तिला चार चौकटी दाखवल्या. कुठली कुणाची ते सांगितलं. नववीपर्यंत शिकलेली माझी ताई, तिला पट्ट्या समजायला दोन मिनिटं लागली नाहीत. कोण सोबत होतं की बाया काय सांगतात, हे तिला आलेखानं शिकवायची गरज नव्हती.

“ह्यात मी हाय का?”

मी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. ती वाकून नाव वाचायला लागली. माहेरचं माणूस सोबत. मग तिनं वर बघितलं. “अन् समद्याच्या वर काय लिवलंय?”

“घरातील अपघात.”

“पूस ते.”

“काय लिहू?”

“मारहाण. चारींच्या वर. आपल्या बी.”

मी एका हातानं अक्षरं शोधत ते लिहिलं. सगळ्या पानाची आज्ञा वापरली, वर जागा सोडली. चित्र निघालं आणि शब्द चारही चौकटींच्या डोक्यावर जिथं हवा तिथं बसला. सरांशी त्यावरून नंतर माझं कडाक्याचं भांडण झालं. या वेळी त्यांनी कशावरून विचारलं तेव्हा मी सांगितलं कशावरून. खाली बारीक अक्षरात एक खुलासा घालून त्यांनी शीर्षक ठेवलं.

पण ते पुढं. त्या सकाळी ताईचं बोट तिसऱ्या चौकटीवरून हलत नव्हतं. मला राहवेना. मी म्हणाले, “ताई, मला तेव्हा भीती वाटली होती गं. लेकरू जाईल तुझं म्हणून बोलले मी तसं. तुझ्यासाठीच.”

“ठाव हाय मला,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. “जीपमंदी म्या समदं मनाशी घोकून ठिवलं व्हतं. डाक्तरनं इचारलं की कसं सांगायचं, काय सांगायचं. तुला घटकाभर चा प्यायला भाईर धाडलं असतं ना त्यानं, तर म्या तवाच सांगितलं असतं. म्या तोंड उघडलं, अन् तू बोललीस.”